एक किलो हायड्रोजनचा हिशेब

३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी दिल्लीत संसदेकडे निघाले, ते टोयोटा कंपनीच्या 'मिराई' या हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीत बसून. मिराई या जपानी शब्दाचा अर्थ 'भविष्य' असा होतो. ही मोटार धूर सोडत नाही. तिच्या मागच्या नळीतून पाणी पडते, आणि गाडी घरात लावण्यापूर्वी साचलेले पाणी बाहेरच सोडून देता यावे म्हणून चालकासमोर एक वेगळे बटणसुद्धा दिलेले आहे. पेट्रोलचा शंभरी ओलांडलेला दर रोज पाहणाऱ्या माणसाला हे सारे सुखावणारच. लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणणाऱ्या देशात, तेलाला पर्याय सापडल्याची बातमी आली की लोक कान टवकारतात, आणि त्यात गैर काहीच नाही.

हायड्रोजनची मोटार तेलाची जागा घेईल का, याचे उत्तर मात्र मोटारीकडे पाहून मिळत नाही. मोटार उत्तम चालते. तो प्रश्न केव्हाच सुटला आहे. उत्तर मिळते ते तिच्या टाकीत भरलेल्या हायड्रोजनचा माग काढत गेल्यावर. म्हणून या लेखात मी एक किलो हायड्रोजन हाती धरणार आहे, आणि तो कोठून आला, पंपावर कसा पोचला, गाडीत त्याचे काय झाले आणि शेवटी त्याने किती किलोमीटर रस्ता कापला, एवढाच हिशेब मांडणार आहे.

शाळेतला एक प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की बुडबुडे येऊ लागतात, परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज होतो, आणि नीट निरखून पाहिले तर नळीच्या आतल्या काचेवर दव साचल्यासारखे बारीक थेंब दिसतात. त्या थेंबांत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. लाकूड जळाले की राख उरते, तसे हायड्रोजन जळाला की पाणी उरते. पाणी ही हायड्रोजनची राख आहे. 'पाण्यावर चालणारी गाडी' तयार झाल्याच्या चित्रफिती मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. त्या पाहताना एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी फसवणूक टळेल. राखेचे पुन्हा लाकूड करायचे म्हटले, तर ते जळताना जेवढी ऊर्जा मिळाली होती तेवढी तरी परत घालावी लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त घालावी लागते. पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणे म्हणजे नेमके हेच काम होय.

खनिज तेल जमिनीखाली तयार सापडते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूर्यप्रकाशाची ऊर्जा त्यात आधीच साठलेली असते. हायड्रोजन मात्र पृथ्वीवर मोकळा असा फारसा सापडत नाही. आफ्रिकेतील माली देशात एका खेड्याजवळ विहीर खणताना जवळजवळ शुद्ध हायड्रोजन लागला, अशी उदाहरणे आहेत, पण ती अपवादात्मक आहेत. एरवी तो पाण्यात ऑक्सिजनशी किंवा नैसर्गिक वायूत कार्बनशी घट्ट बांधलेला असतो, आणि तो सोडवून घेण्यासाठी ऊर्जा खर्ची घालावी लागते. रिकाम्या गोणीत धान्य भरावे तशी बाहेरून आणलेली ऊर्जा त्यात भरावी लागते. म्हणून हायड्रोजन स्वच्छ आहे की नाही, हे विचारण्याआधी गोणीत धान्य कोणाच्या शेतातले आहे, हे विचारावे लागते.

आज जगात वर्षाला सुमारे साडेनऊ कोटी टन हायड्रोजन तयार होतो, आणि त्यातला जवळपास सगळा नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूवर तापलेल्या वाफेची क्रिया घडवून एक किलो हायड्रोजन मिळवताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा काही दूरदेशीचा उद्योग नाही. मुंबईच्या माहुल परिसरातील तेलशुद्धीकरण कारखाने इंधनातले गंधक काढण्यासाठी असा हायड्रोजन वापरतात, आणि तुर्भे व अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यांत युरियासाठी लागणारा अमोनिया याच मार्गाने बनतो. भारतात वर्षाला अंदाजे ६० लाख टन हायड्रोजन खपतो, तो बहुतांशी या दोन कामांसाठी. आपल्या हातातला एक किलो जर याच कुळातला असेल, तर मोटारीच्या नळीतून केवळ पाणी पडले तरी धूर कारखान्याच्या धुराड्यातून आधीच गेलेला असतो. त्या किलोवर गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाईल, म्हणजे किलोमीटरमागे ऐंशी ते शंभर ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. लिटरला १८ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी किलोमीटरमागे १३० ग्रॅमच्या आसपास सोडते. फरक आहे, पण एवढ्या खटाटोपाला पुरेल असा नाही.

दुसरा मार्ग विद्युत अपघटनाचा. पाण्यात दोन अग्रे बुडवून वीज सोडली की ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर ऑक्सिजन जमा होतो, हे १८०० सालापासून ठाऊक आहे. आजच्या चांगल्या यंत्रांना एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. ही वीज सूर्य किंवा वाऱ्यापासून आली, तर मिळणाऱ्या हायड्रोजनला 'हरित' म्हणायचे. पण तेच यंत्र आपल्या घरी येणाऱ्या विजेवर चालवले तर काय होते, तेही पाहायला हवे. भारतातील सुमारे सत्तर टक्के वीज कोळशाची आहे आणि सरासरीने प्रत्येक युनिटमागे पाऊण किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ५५ युनिटांचा हिशेब केला, तर एका किलोमागे हा आकडा ४० किलोच्या आसपास पोचतो, म्हणजे नैसर्गिक वायूपासून बनलेल्या हायड्रोजनच्या चौपट. पाण्यापासून बनला म्हणून तो स्वच्छ, ही समजूत किती धोक्याची आहे, हे यावरून कळावे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या करताना एका किलोमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली, ती यासाठीच महत्त्वाची आहे.

पाण्याबद्दलही लोक काळजीने विचारतात, आणि दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रात ती काळजी स्वाभाविक आहे. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर पाणी लागते. देशाने २०३० सालासाठी ठेवलेले वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट धरले, तर हे पाणी साधारण १.६ टीएमसी होते. खडकवासला धरणाची साठवण दोन टीएमसीच्या आत-बाहेर आहे, म्हणजे त्याहूनही थोडे कमी. शुद्धीकरण आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी धरून हा आकडा दुप्पट झाला, तरी देशाच्या मानाने तो मोठा नाही. प्रश्न जागेचा आहे. ऊन सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी असे जे तालुके आहेत, तेथेच हे कारखाने काढायचे ठरवले, तर टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना त्याचे उत्तर द्यावे लागेल.

आता समजा, आपला किलो खरोखर सौरऊर्जेतून जन्मला. पुढचा प्रवास त्याच्या स्वभावामुळे अवघड होतो. हायड्रोजन हा विश्वातला सर्वांत हलका पदार्थ. वजनाच्या मानाने त्याच्यात ऊर्जा विलक्षण असते. एका किलोत ३३ युनिट, म्हणजे पेट्रोलच्या जवळपास पावणेतीनपट. पण हाच एक किलो साध्या हवेच्या दाबाला ठेवला तर त्याला ११ ते १२ घनमीटर जागा लागते, एवढ्यात एक छोटी खोली भरते. म्हणून तो दाबून भरावा लागतो. आपल्या रिक्षांतला सीएनजी २०० बार दाबाखाली असतो. मोटारीतला हायड्रोजन ७०० बार दाबाखाली, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या सातशेपट दाबाने कोंबलेला असतो. एवढा दाब सोसायला कार्बन तंतूंची अनेक वेष्टने गुंडाळलेली टाकी करावी लागते. पहिल्या पिढीच्या मिराईत पाच किलो हायड्रोजन साठवण्यासाठीच्या टाक्यांचे वजन साडेसत्याऐंशी किलो होते. दुसरा उपाय त्याला द्रवरूप करण्याचा. त्यासाठी तो उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो, आणि त्या कामात त्याच्यातल्या ऊर्जेच्या जवळपास एक-तृतीयांश ऊर्जा खर्च होते.

वाहतुकीचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. वीस हजार लिटरचा पेट्रोलचा एक टँकर पंपावर रिकामा झाला, की त्यावर गाड्या मिळून साडेतीन लाख किलोमीटर धावतात. नळकांड्यांमध्ये दाबलेला हायड्रोजन नेणारा तेवढाच अवजड ट्रक तीन-चारशे किलो हायड्रोजन आणतो, आणि त्यावर सगळ्या गाड्या मिळून चाळीस हजार किलोमीटर जातात. म्हणजे जेथे पेट्रोलची एक खेप पुरे, तेथे हायड्रोजनच्या नऊ-दहा खेपा लागतील. हायड्रोजनचे अणू इतके सूक्ष्म असतात की ते पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात, त्यामुळे आजच्या वायुवाहिन्यांतून तो सरळ सोडून देता येत नाही. यावर तोडगा म्हणून पंपावरच तो तयार करावा असे सुचवले जाते, आणि मग पंपालाच मोठ्या वीज जोडणीची गरज पडते.

गाडीत भरण्याची क्रिया वरवर सोपी दिसते. नळीचे तोंड गाडीला घट्ट बसते, गाडी आणि पंप एकमेकांशी अवरक्त किरणांनी 'बोलतात', टाकीचे तापमान आणि दाब कळवले जातात, आणि तीन ते पाच मिनिटांत टाकी भरते. बॅटरीच्या गाडीवर हायड्रोजनची खरी सरशी आहे ती येथे. पण वायू झपाट्याने भरताना टाकी तापते, म्हणून तो आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडावा लागतो. दमट हवेत नळीच्या तोंडावर हिमाचा पांढरा थर धरतो, आणि लागोपाठ गाड्या आल्या की कधीकधी तोंड गाडीलाच चिकटून बसते; ते सुटण्याची वाट पाहत थांबावे लागते, असा कॅलिफोर्नियातील वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. मुंबईच्या जुलै महिन्यातल्या हवेत हे काय रूप घेईल, याचा विचार यंत्र बनवणाऱ्यांना करावा लागेल.

अखेर आपला किलो गाडीत पोचला. तेथे तो इंजिनातल्यासारखा जळत नाही. तो इंधनघटात जातो. इंधनघट ही फ्युएल सेलची मराठी संज्ञा. त्याचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह या संशोधकाने १८३९ साली दाखवले आणि पुढे अपोलो यानांतून चंद्राकडे गेलेल्या अंतराळवीरांना वीज आणि पिण्याचे पाणी अशाच घटांनी पुरवले. पापुद्र्यासारखा पातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा लेप, एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवा, अशी त्याची रचना असते. प्लॅटिनमच्या स्पर्शाने हायड्रोजनचा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला तेथून वाट नसते, म्हणून तो तारेतून वळसा घालून जातो, आणि हा वळसा म्हणजेच वीज. पलीकडे दोघे पुन्हा भेटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांत मिसळतो आणि पाणी तयार होते. एका घटातून एक व्होल्टसुद्धा मिळत नाही, म्हणून पापडांची चळत रचावी तसे शेकडो घट एकावर एक रचतात. दुसऱ्या पिढीच्या मिराईत ते ३३० आहेत. यातून निघालेली वीज मोटरला मिळते आणि चाके फिरतात. थोडक्यात, हायड्रोजनची मोटार हीदेखील विजेचीच मोटार आहे. फरक एवढाच, की तिची वीज गाडीतच तयार होते.

आता आपल्या किलोचा ताळेबंद मांडता येतो. तो तयार करायला ५५ युनिट, दाबायला आणि थंड करायला आणखी पाच-सहा, म्हणजे एकूण सुमारे ६० युनिट वीज खर्च झाली. त्यातली ३३ युनिटे हायड्रोजनमध्ये उतरली. इंधनघटाने त्यांतली निम्मी किंवा थोडी अधिक विजेत बदलली; बाकीची उष्णता होऊन गेली. मिराईच्या टाकीत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि तिला अमेरिकी चाचणीत सुमारे ६५० किलोमीटरचा पल्ला मिळाला आहे. म्हणजे एका किलोला साधारण ११५ किलोमीटर. हीच ६० युनिटे मधला सगळा प्रवास टाळून सरळ बॅटरीत भरली असती, तर भरतानाची गळती वजा जाता बॅटरीची मोटार साडेतीनशे किलोमीटर गेली असती. सूर्याकडून मिळालेली वीज तीच, पण एका वाटेने ११५ किलोमीटर आणि दुसऱ्या वाटेने ३५०.

या तिपटीच्या फरकाला मी फार महत्त्व देतो. यंत्रे सुधारतील, काही युनिटे वाचतील, पण पाणी फोडणे, वायू दाबणे आणि पुन्हा त्याची वीज करणे, या तीन पायऱ्यांवरची घट पूर्णपणे पुसता येत नाही, कारण ती निसर्गनियमांतून येते. ज्या देशाला आधी घराघरांतली आणि शेतातली कोळशाची वीज बदलायची आहे, त्याने सौरऊर्जेची तीन युनिटे खर्चून एका युनिटाचे काम घ्यावे, हे मला पटत नाही.

पैशांचा हिशेबही याच दिशेने जातो. अलीकडे भारतातील तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी निघालेल्या निविदांत हरित हायड्रोजनचे दर किलोला साधारण ३०० ते ४०० रुपये असे आले आहेत. हे दर कारखान्याच्या दारातले. दाबणे, वाहून नेणे आणि पंप उभारणे यांमुळे पंपावर पोचेपर्यंत दर दुप्पट, समजा ७०० रुपये झाला, तर शंभर किलोमीटरला लागणाऱ्या पाऊण ते एक किलोपायी सहाशे रुपयांच्या आसपास जातील. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला शंभर किलोमीटरसाठी पावणेसहाशे रुपये लागतात. बॅटरीच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे १७ युनिटे पुरतात. घरी दहा रुपये युनिट धरले तर १७०, आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरचे वीस रुपये धरले तरी ३४० रुपये. हे सगळे आकडे ढोबळ आहेत आणि दर बदलले की बदलतील, पण बॅटरीच्या गाडीला गाठण्यासाठी हायड्रोजनचा पंपावरचा दर निम्म्याहून खाली यावा लागेल.

प्रत्यक्ष बाजाराने काय दाखवले, हे पाहायला कॅलिफोर्नियाइतके चांगले उदाहरण नाही. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी हायड्रोजन मोटारींच्या संशोधनासाठी १.२ अब्ज डॉलर जाहीर केले. आज जन्मलेले मूल पहिल्यांदा जी गाडी चालवील, ती हायड्रोजनवरची असू शकेल, अशा अर्थाचे ते बोलले होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी तेथे 'हायड्रोजन महामार्गा'ची घोषणा केली. त्या मुलाने विशी ओलांडली तेव्हा स्थिती अशी होती: कंपन्या गाडीसोबत १५,००० डॉलरचे इंधन फुकट देत होत्या, २०२३ मध्ये काही पंपांवर हायड्रोजनचा दर किलोला ३६ डॉलरपर्यंत चढला होता, म्हणजे मिराईची एक टाकी दोनशे डॉलरची झाली होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने तेथील मोटारींसाठीचे आपले सातही पंप कायमचे बंद केले. पंप नाहीत म्हणून गाड्या खपत नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून पंपाला परवडत नाही. या फेऱ्यातून सरकारी पैसाही मार्ग काढू शकला नाही. जपानने २०१७ च्या धोरणात २०२० पर्यंत ४०,००० आणि २०३० पर्यंत ८ लाख हायड्रोजन गाड्यांचे लक्ष्य ठेवले होते; प्रत्यक्षात रस्त्यावरच्या गाड्या दहा हजारांच्या आतच राहिल्या. २०२३ अखेर सगळ्या जगात हायड्रोजनची वाहने नव्वद हजारांहून कमी होती, तर विजेच्या मोटारी चार कोटींच्या घरात पोचल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये स्टेलांटिस या मोठ्या वाहन समूहाने इंधनघटाचा आपला कार्यक्रम बंद केला. ह्युंदाई, टोयोटा आणि बीएमडब्ल्यू मात्र अजून टिकून आहेत.

सुरक्षिततेची भीती मला त्या मानाने दुय्यम वाटते. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे हायड्रोजन भरलेले, प्रचंड फुग्यासारखे हवाई जहाज पेटले आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. ते चित्र लोकांच्या मनातून जात नाही. हायड्रोजन अगदी बारीक ठिणगीने पेटतो, त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही, आणि त्याला एलपीजीसारखा वासही नसतो, कारण वासासाठी मिसळलेल्या द्रव्यांनी इंधनघट बिघडतो. पण तो हवेत झरझर वर निघून जातो. पेट्रोलसारखा जमिनीवर पसरून राहत नाही. मोटारीच्या टाक्या अपघातात टिकाव्यात अशा चाचण्यांतून पार पडतात, आणि आग लागल्यास वायू ठरावीक दिशेने सोडून देणारी झडप त्यांना असते. उघड्या रस्त्यावर हा धोका आवाक्यातला आहे. तळघरातील बंदिस्त वाहनतळांचे नियम मात्र नव्याने लिहावे लागतील. पंपांवरही हलगर्जी चालत नाही: जून २०१९ मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका पंपावर स्फोट झाला, आणि चौकशीत कारण निघाले ते उच्च दाबाच्या टाकीच्या जोडणीतील नीट न आवळलेले बोल्ट.

मग हायड्रोजनचे करायचे काय? माझे मत असे, की मोटार हा या विषयाचा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. जे काम विजेने थेट होत नाही, तेथे हायड्रोजनला पर्याय नाही. खत कारखान्याला अमोनियासाठी हायड्रोजनच लागतो. तेथे बॅटरी चालत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन काढण्यासाठी कोक या भाजलेल्या कोळशाऐवजी हायड्रोजन वापरता येतो. माहुल आणि थळ येथे आज जो वायूपासून बनतो, तो उद्या सौरऊर्जेपासून बनला, तर कोणाला नवी गाडी घ्यावी लागत नाही, गावोगाव पंप उभारावे लागत नाहीत, आणि आयात केलेला नैसर्गिक वायू तेवढा वाचतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्यात वाहतुकीच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी ४९६ कोटी रुपये ठेवले आहेत. हे प्रमाण शहाणपणाचे आहे असे मला वाटते. पण ५० लाख टनांच्या उद्दिष्टाला लागणारी वीज पावणेतीनशे अब्ज युनिटांच्या घरात जाते, म्हणजे देशाच्या आजच्या एकूण वार्षिक वीजनिर्मितीच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी, हेही विसरून चालणार नाही.

राहता राहिला ट्रकचा प्रश्न, आणि तेलाच्या दृष्टीने तोच खरा मोठा आहे. भारतात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जळते आणि पेट्रोल सुमारे चार कोटी टन. तेलाची आयात कमी करायची तर हात डिझेललाच घालावा लागेल. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेल्या अवजड ट्रकला पाचशे किलोमीटरसाठी सहाशे-सातशे युनिटांची बॅटरी लागेल, आणि तिचे वजन चार-पाच टन होईल. तेवढा माल कमी भरावा लागला, तर मालकाचे गणित बिघडते. येथे हायड्रोजनला वाव आहे. ट्रक ठरलेल्या मार्गांवर धावतात, त्यामुळे थोडे पंप पुरतात. तरीही बॅटऱ्या दरवर्षी स्वस्त आणि हलक्या होत आहेत, चीनमध्ये विजेचे अवजड ट्रक झपाट्याने खपू लागले आहेत, आणि घाट उतरताना ब्रेकमधून वीज परत मिळवण्याची सोय दोन्ही प्रकारांत आहे. हायड्रोजनसाठी उघडी असलेली ही खिडकीही कायम तेवढीच उघडी राहील, असे धरून चालता येणार नाही.

या कामात पुण्याचा वाटा लहान नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा सहभाग असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या आणि केपीआयटी या कंपनीच्या संयुक्त कामातून स्वदेशी इंधनघट घडला, २०२० मध्ये तो बसवलेल्या मोटारीची चाचणी झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात देशी बनावटीची इंधनघटाची बस लोकांसमोर आली. मार्च २०२५ मध्ये केंद्राने बस आणि ट्रक मिळून ३७ वाहनांचे आणि नऊ पंपांचे पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले, आणि त्यांच्या मार्गांत पुणे–मुंबई हा मार्ग आहे. या ३७ पैकी १५ वाहने इंधनघटाची आहेत. उरलेल्या २२ वाहनांत हायड्रोजन सरळ इंजिनातच जाळला जातो. असे इंजिन स्वस्त पडते आणि डिझेलवर हात बसलेल्या मेकॅनिकला ते उघडून दुरुस्त करता येते, पण त्याची कार्यक्षमता इंधनघटाहून कमी असते आणि हवेतल्या नायट्रोजनपासून थोडे घातक वायूही त्यातून निघतात. टाटा मोटर्सने आपल्या १६ ट्रकच्या चाचण्या त्याच महिन्यात सुरू केल्या, आणि त्या दोन वर्षांपर्यंत चालतील असे सांगितले.

खंडाळ्याच्या घाटात भरल्या वजनाने चढताना किलोला किती किलोमीटर पडले, पावसाळ्यात पंप किती दिवस बंद राहिला, हायड्रोजन कोठे आणि कोणत्या विजेवर तयार झाला, आणि वाहतूकदाराला टनामागे डिझेलच्या तुलनेत किती रुपये पडले, हे चार आकडे या चाचण्यांतून बाहेर यायला हवेत. सरकारी पैशातून होणाऱ्या या चाचण्यांचे आकडे प्रत्येक मार्गासाठी वेगवेगळे आणि सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे, कारण ते हाती आल्यावर न्हावाशेव्याच्या ट्रकमालकाला पुढचा ट्रक कोणता घ्यायचा, हे स्वतःच्या वहीत मांडून ठरवता येईल.